दौलताबाद ते वेरूळ : एका दिवसाच्या सहलीत काय पाहावे, गाईडला काय विचारावे

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघायचे, वाटेत दौलताबादचा किल्ला करायचा, दुपारी वेरूळची लेणी पाहायची आणि अंधार पडायच्या आत परत यायचे. दौलताबाद साधारण १५ किलोमीटर, वेरूळ साधारण ३० किलोमीटर. शाळा-महाविद्यालये, महिला मंडळे, बचत गट, विहारांतले युवक गट, सगळ्यांच्या सहली याच वाटेने जातात. आम्हीही वस्त्यांमधल्या तरुण मुलामुलींना घेऊन ही वाट अनेकदा केली आहे. गाईड घेतला तरी आणि नाही घेतला तरी परतीच्या गाडीत मुलांच्या तोंडी बहुधा एकच वाक्य असते : कैलास लेणे केवढे मोठे आहे! ते मोठे आहेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच डोंगरात बारा बौद्ध लेणी आहेत आणि ती मुले त्यांच्यासमोरून चालत गेलेली असतात. त्यांच्याविषयी विचारले तर ‘तिथे बुद्धाची मोठी मूर्ती होती’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

म्हणून सहलीला निघणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाताशी असावी अशी ही माहिती एकत्र केली आहे. यात दगडाची गोष्ट आहे, लेण्यांची आहे आणि या दोन्हींच्या आधी सांगावी अशी एका जुन्या सहलीचीही आहे.

१९३४ ची सहल

१९३४ साली चळवळीतल्या काही सहकाऱ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सहलीला येण्याचा आग्रह केला. बाबासाहेब तयार झाले. बाकी काही पाहिले नाही तरी चालेल, पण वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच असे ठरले. सगळे नाशिकला जमले आणि सुमारे तीस जणांचा गट औरंगाबादकडे निघाला. हा भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. अस्पृश्यांना वाटेत जे भोगावे लागते ते टळावे म्हणून आपण कोण आहोत हे जाहीर न करता साध्या पर्यटकांसारखा प्रवास करायचा, असे त्यांनी ठरवले होते.

वाटेत दौलताबाद आले. तिथल्या आपल्या लोकांना मात्र निरोप गेला होता, ते गावाच्या तोंडाशी वाट पाहत उभे होते. आधी चहा घ्या, मग किल्ला पाहा, असा त्यांचा आग्रह. चहा हवा तर होता, पण दिवस मावळण्याआधी किल्ला पाहून व्हायला हवा म्हणून चहा परतीवर ठेवून सगळे तसेच किल्ल्याकडे गेले. प्रवासाची धूळ अंगावर होती. दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला एक लहान तलाव होता. काही जणांनी तिथे हातपाय आणि तोंड धुतले. एवढ्यावरून एक वृद्ध मुसलमान ओरडत आला की यांनी तलाव बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. आम्ही बाहेरगावचे आहोत, इथली रीत आम्हाला ठाऊक नव्हती, असे सांगितल्यावर जमावाने आपला राग स्थानिक अस्पृश्यांवर काढला : तुम्ही यांना सांगितले का नाही? अखेर बाबासाहेबांनी संतापून विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल का? त्यावर जमाव गप्प झाला. पहारेकऱ्याने वर विचारून परवानगी आणली. आत जा, पण किल्ल्यात कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. आणि तो लावला जात नाही ना हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई गटाबरोबर दिला. त्या सहलीला गाईड मिळाला तो असा.

ही हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजीतल्या छोट्या आत्मकथनपर लेखनात दिली आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० मध्ये पुस्तिका म्हणून काढले. नंतर महाराष्ट्र शासनाच्या ‘रायटिंग्ज अँड स्पीचेस’ मालिकेच्या बाराव्या खंडात ते आले. सहलीआधी गटात ते वाचून घ्यावे, एका बैठकीत वाचून होते.

एक सांगायला हवे. दौलताबादचा हा प्रसंग हल्ली मोबाईलवर अर्धाच फिरतो आणि एका धर्माविरुद्ध वापरला जातो. त्याच पुस्तिकेत बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्याचा प्रसंग आहे आणि चाळीसगावला सवर्ण टांगेवाल्यांनी गाडी हाकायला नकार दिल्यामुळे झालेल्या अपघाताचाही. तिन्ही प्रसंग एकत्र वाचले की बाबासाहेबांचे म्हणणे कळते. जात ही या देशात धर्माच्या कुंपणाबाहेरही पसरलेली होती. एकच पान फाडून वाचणाऱ्याच्या हाती बाबासाहेबांचे म्हणणे लागत नाही.

पुस्तिकेत वेरूळच्या लेण्यांचे वर्णन नाही, प्रसंग किल्ल्यापाशीच संपतो. सहलीच्या पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याची घोषणा झाली. या दोन घटना जोडून कुणी कार्यकारणभाव सांगू लागले तर तो आपण मान्य करू नये, तसा पुरावा नाही. पण आज आपण तिकीट काढून ज्या वाटेने मजेत फिरतो, तिथे नुसते पाहायला जाण्यासाठीही आपल्या माणसांना ओळख लपवावी लागली होती, हे मुलांना माहीत असलेच पाहिजे.

हा काळा दगड आला कुठून

दौलताबादचा सुळका, वेरूळचा डोंगर, अजिंठ्याची दरी, सह्याद्रीचे कडे हे सगळे एकाच महाप्रचंड घटनेचे अवशेष आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा पसरायचा. आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट पसरलेला आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दगडावर उभा आहे.

ज्वालामुखीचे तोंड कुठे आहे, हा मुलांचा पहिला प्रश्न असतो. चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा, वरून धूर सोडणारा डोंगर इथे शोधू नये. दौलताबादचा सुळका शंकूसारखा दिसतो खरा, पण त्याला तो आकार आजूबाजूचा दगड झिजून गेल्यामुळे आणि खालच्या बाजूने माणसांनी तासल्यामुळे आला. दुसरा नेहमीचा गोंधळ लोणारचा. लोणारचे विवर याच बेसॉल्टमध्ये आहे, पण ते ज्वालामुखीचे नाही, अशनी आदळून झालेले आहे.

गाडीतून बाहेर पाहिले तर डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. इंग्रजीत या प्रदेशाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ‘ट्रॅप’ हा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. सापळ्याशी त्याचा संबंध नाही.

प्रत्येक थराच्या पोटात दगड घट्ट, काळा, एकजीव असतो. हा आपला काळा पाषाण. थराच्या वरच्या भागात लाव्हातल्या वायूचे बुडबुडे अडकून छिद्रे राहतात आणि पुढे लाखो वर्षांत पाझरत्या पाण्यातून त्यांत पांढरी, हिरवट खनिजे भरतात. विहिरी खणणारे लोक या ठिपकेदार दगडाला मांजऱ्या म्हणतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन उन्हापावसात कुजत पडला आणि मग दुसरा त्यावर आला, त्या मधल्या काळाची ती खूण आहे. आमच्या गटात विहिरीच्या कामावर गेलेला एखादा मुलगा असला की हा भाग तोच समजावून सांगतो, गाईडपेक्षा चांगला.

अजिंठा, वेरूळ, पितळखोरे, नाशिक, जुन्नर, कार्ले, भाजे ही सगळी लेणी याच दगडात कोरलेली आहेत. एकजीव जाड थर मिळाला तर छत टिकते. उभ्या भेगा असतील तर त्यांतून पाणी झिरपते आणि काम वाया जाते. कुठून सुरुवात करायची, कुठे थांबायचे, कोणती भेग टाळायची हे दगड फोडण्याआधी ओळखावे लागे. काम वरून खाली चाले. आधी छत, मग खांबांची डोकी, शेवटी जमीन, त्यामुळे पराती बांधायची गरज कमी. एकदा छिन्नी चुकली की तो तुकडा परत जोडता येत नाही. असे काम करणारे लोक किती कसबी असतील, याचा विचार गटाने लेण्यात उभे राहून करावा.

हे कारागीर कोण होते? वेरूळच्या बौद्ध लेण्यांत त्यांची नावे मिळत नाहीत. त्याआधीच्या काही शतकांतल्या लेण्यांत मात्र दानलेखांमधून सामान्य माणसे भेटतात. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख आहे. ठिकठिकाणी व्यापारी, कारागीर, उपासिका, भिक्षुणी दान देताना दिसतात. राजाने बांधले, राजाने कोरले, या सांगण्यात ही माणसे हरवतात.

दौलताबाद

जुने नाव देवगिरी, यादवांची राजधानी. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली, तेव्हा दौलताबाद हे नाव रूढ झाले. इतिहासाचा हा भाग कोणताही गाईड नीट सांगतो, तो आम्ही इथे वाढवत नाही.

पाहायचे ते डोंगराचे बूड. सुमारे २०० मीटर उंचीच्या या टेकडीचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासून काढलेला आहे, जणू भिंतच. त्याच्या पायथ्याशी कातळात खोदलेला खंदक. वर जायचा रस्ता कातळातल्या काळोख्या भुयारातून, तिला अंधारी म्हणतात. इथे वटवाघळांचा वास असतो, मोबाईलचा टॉर्च लागतो आणि लहान मुले घाबरतात, गटात कुणाला दम्याचा त्रास असेल तर त्याला खालीच थांबवावे. माथ्यापर्यंत चढायला आणि उतरायला दोन तास सहज जातात. वेरूळला वेळ द्यायचा असेल तर आमचा सल्ला असा की खंदकापर्यंत जाऊन परत फिरावे. काही जण यावर नाराज होतात, होऊ द्यावे.

दरवाजापाशी उभे राहून १९३४ चा प्रसंग वाचायला पाच मिनिटे लागतात. तो तिथेच वाचावा. कोणता तलाव तो, यावर गाईडशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

वेरूळ : क्रमांक म्हणजे काळ नव्हे

दौलताबादहून घाट चढून, खुलताबादवरून वेरूळ. लेणी ज्या कड्यात आहेत त्याचे तोंड पश्चिमेकडे आहे आणि ती सुमारे दोन किलोमीटर पसरलेली आहेत. पाहण्यासाठी क्रमांक दिलेली ३४. पैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी, ३० ते ३४ जैन. फाटकातून आत आले की समोरच क्रमांक १६, म्हणजे कैलास. बौद्ध लेणी उजव्या हाताला, दक्षिणेकडे. सगळी गर्दी समोर खेचली जाते आणि उजवीकडे वळायचे राहून जाते. यात कुणाचा कट आहे असे आम्हाला वाटत नाही, रचनाच तशी आहे. म्हणून गटप्रमुखाने फाटकातच सांगावे : आधी उजवीकडे.

क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले आहेत. त्यांचा काळाशी संबंध नाही. आधी बौद्ध, मग हिंदू, मग जैन असा सरळ क्रम गाईड सांगतात आणि आपले कार्यकर्तेही सांगतात. आजचे बरेच अभ्यासक काही ब्राह्मणी लेण्यांची सुरुवात सहाव्या शतकात, म्हणजे इथल्या बौद्ध लेण्यांच्याही आधी मानतात. बौद्ध लेणी साधारण सातव्या शतकातली आणि आठव्याच्या सुरुवातीची. कैलास आठव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावाशी जोडलेला. क्रमांक १५ चे दशावतार लेणे मुळात बौद्ध विहार म्हणून सुरू झाले असावे, असेही काही अभ्यासकांनी मांडले आहे. तेव्हा ‘सगळे मुळात बौद्धच होते’ हे जसे सिद्ध करता येत नाही, तसे ‘सगळे गुण्यागोविंदाने शेजारी राहत होते’ हेही गृहीत धरता येत नाही. शेजारी लेणी आहेत एवढे दिसते. शेजाऱ्यांत काय चालले होते ते दगड सांगत नाही. सर्वधर्मसमभावाचे भाषण देणाऱ्या गाईडला आम्ही अडवत नाही, फक्त मुलांना नंतर विचारतो की हे त्यांना कशावरून कळले असेल?

महारवाडा नावाचे लेणे

क्रमांक ५ समोर थांबावे. आत लांबलचक दालन, साधारण ३५ मीटर खोल, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि भिक्षूंच्या खोल्या. मध्ये जमिनीतूनच कोरलेली दोन ठेंगणी, लांब बाकडी, दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समांतर गेलेली. इथे भिक्षू समोरासमोर बसून पठण करत असावेत किंवा जेवत असावेत. अशी रचना फार थोड्या लेण्यांत आहे. कान्हेरीच्या ‘दरबार’ लेण्यात तिच्यासारखी दिसते.

या लेण्याचे जुन्या पुस्तकांतले नाव ‘महारवाडा’ आहे. दक्षिणेकडच्या या पहिल्या लेण्यांच्या समूहालाच ‘ढेडवाडा’ म्हटले जाई. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही नावे स्थानिक लोकांकडून ऐकून नोंदवली. पावसाळ्यात गावातले महार लोक इथे आसऱ्याला येत, असा खुलासा दिला जातो.

हे नाव ऐकल्यावर गटातली मुले दोन प्रकारे वागतात. काही जण शरमून गप्प होतात. काही जण लगेच म्हणतात, म्हणजे आपले पूर्वज इथले भिक्षू होते, हा घ्या पुरावा. नावावरून वंश सिद्ध होत नाही, हे दुसऱ्या गटाला शांतपणे सांगावे लागते. बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये अस्पृश्य हे मूळचे बौद्ध असावेत असा सिद्धान्त मांडला, तो पुरावे आणि तर्क देऊन मांडला, आणि तो सिद्धान्त आहे हे लपवले नाही. आपणही तीच शिस्त पाळावी. या नावावरून जे नक्की कळते तेही थोडे नाही. जगाच्या दृष्टीने अमूल्य असलेली ही वास्तू एके काळी गावाच्या नजरेत इतकी टाकाऊ होती की गावाबाहेर ठेवलेल्या माणसांनी तिथे राहायला कुणाची हरकत नव्हती. आणि भिक्षू निघून गेल्यावर शेकडो वर्षांनी त्या बाकड्यांवर पाठ टेकायला जी माणसे आली, ती ही होती.

आजच्या फलकांवर आणि बहुतेक गाईडच्या तोंडी हे नाव येत नाही. ते यावे की नाही, यावर आमच्यात एकमत नाही. काही जणांना जातिवाचक नाव गेलेलेच बरे वाटते. आमच्यातल्या जास्त जणांचे मत असे की नावाने ओळख करून देऊ नये, पण असे नाव होते हा इतिहास सांगावा.

सुताराची झोपडी, तारा आणि महामायूरी

क्रमांक १० हे वेरूळचे एकमेव चैत्यगृह. छताला दगडाच्याच कमानदार फासळ्या कोरलेल्या आहेत, लाकडी वाशांची हुबेहूब नक्कल. त्यामुळे त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणत. आत मोठा स्तूप आणि त्याच्यापुढे पाय खाली सोडून बसलेली बुद्धमूर्ती, तिच्या दोन्ही बाजूंना बोधिसत्त्व. सुतार लोक या मूर्तीला आपला विश्वकर्मा समजून दर्शनाला येत, अशीही जुनी नोंद आहे आणि ‘विश्वकर्मा लेणे’ हे नाव अजून चालते. बुद्धाच्या मूर्तीला दुसरे नाव चिकटले याचा आपल्याला राग येतो, तो समजण्यासारखा आहे. पण लाकूडकाम जाणणाऱ्या माणसांनी त्या छताखाली उभे राहून हे आपल्यातल्याच कुणीतरी केले असे ओळखले, हेही त्यात आहे. फलकावर आणि गाईडच्या बोलण्यात ‘बौद्ध चैत्यगृह’ हे शब्द आधी यावेत, एवढा आग्रह धरावा.

इथे घुमणारा आवाज ऐकवायला गाईड टाळी वाजवतात किंवा ओम म्हणतात. आमचे गट त्रिशरण-पंचशील म्हणतात, हळू आवाजात. दोन मिनिटांत संपते. बाकीचे पर्यटकही शांत उभे राहतात असा आमचा अनुभव आहे. लाऊडस्पीकर, मेणबत्ती, अगरबत्ती नेऊ नये. काजळी दगडाला धरते आणि नियमही मोडतो.

क्रमांक ११ ला ‘दोन ताल’ म्हणत, कारण तळमजला मातीने बुजलेला होता. तो १८७६ मध्ये मोकळा झाला आणि मजले तीन निघाले, नाव तेच राहिले. शेजारचे १२ म्हणजे ‘तीन ताल’. बाहेरून सरकारी कचेरीसारखे साधे, आणि पायऱ्या चढून सगळ्यात वरच्या मजल्यावर गेले की भिंतीला ओळीने बसलेले बुद्ध, एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात. निम्मे गट पाय दुखतात म्हणून वर जात नाहीत. संपूर्ण सहलीत एकच जिना चढायचा असेल तर हा चढावा.

या लेण्यांत तारा, महामायूरी, वज्रपाणी, पद्मपाणी अशा प्रतिमा दिसतात, आणि नेमके इथे बौद्ध तरुण अडखळतात. आपण तर देवदेवता मानत नाही, बावीस प्रतिज्ञा घेतल्या, मग या देवी बुद्ध लेण्यात कशा? काही कार्यकर्ते हा प्रश्न टाळण्यासाठी या मूर्तींपुढून भराभर पुढे जातात. तसे करू नये. वेरूळ हा पश्चिम भारतातल्या लेणी परंपरेचा शेवटचा टप्पा आहे. महायान इथे वज्रयानाकडे वळताना दिसते. भाज्याच्या चैत्यगृहात नुसता स्तूप आहे आणि वेरूळला स्तूपापुढे मूर्ती, मूर्तीभोवती परिवार. आठ-नऊशे वर्षांत धम्म कसा बदलला हे पाहायला यापेक्षा चांगली जागा नाही. तो असा का बदलला, त्यात काय मिळाले आणि काय गेले, यावर बोलता येईल. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ नव्याने का लिहिला, हेही इथेच सांगता येईल.

क्रमांक ६ मधल्या महामायूरीजवळ मोर आहे. खाली पोथी वाचत बसलेली एक लहानशी आकृती आहे. मोर पाहून गाईड तिला सरस्वती म्हणून मोकळे होतात. ती रूपाने सरस्वतीसारखी असली तरी बौद्ध देवता आहे. खाली बसून वाचणारा तो विद्यार्थी मात्र आमच्या मुलांना फार आवडतो.

गाईडशी कसे वागावे

आमच्या एका सहलीत गाईडने बारा लेण्यांना मिळून पंधरा मिनिटे दिली आणि कैलासला दीड तास. दुसऱ्या एका सहलीत अशा गाईड भेटल्या की त्यांनी क्रमांक १२ च्या वरच्या मजल्यावर मुलांना अर्धा तास बसवून मुद्रा शिकवल्या. दोघेही परवानाधारक. गाईड हा पोट भरणारा माणूस आहे, गिऱ्हाईक जे मागते ते तो देतो. म्हणून पैसे ठरवतानाच सांगावे : आम्हाला बौद्ध लेण्यांना किमान दोन तास हवेत, कैलास त्यानंतर. नकार दिला तर दुसरा पाहावा. भांडण करून सुरू केलेली सहल चांगली होत नाही.

‘हे पांडवांनी एका रात्रीत कोरले’ किंवा ‘परग्रहावरून आलेल्यांनी यंत्राने कापले’ असले काही ऐकू आले तर मुलांना भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा दाखवाव्यात. परग्रहवासीयांचे व्हिडिओ आमच्या वस्तीतल्या मुलांनीही पाहिलेले असतात, हसून सोडून देऊ नये. हात राबवणाऱ्यांनी हे केले असेल यावर विश्वास बसत नाही, म्हणून पांडव लागतात किंवा परग्रह लागतो. त्या अविश्वासाची सवय आपल्या समाजाला चांगली ओळखीची आहे.

खरा उपाय आपल्याच मुलामुलींनी या कामात उतरणे हा आहे. पर्यटन मंत्रालय गाईडना परवाने देते. शहरातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात इतिहास आणि पाली शिकण्याची सोय आहे. लेणी संवर्धनासाठी रविवारी झाडू घेऊन जाणाऱ्या तरुणांपैकी चार जण जरी परवाना काढून मराठी, हिंदी, इंग्रजीत बोलू लागले, तरी जपान, श्रीलंका, थायलंडहून येणाऱ्या उपासकांनाही त्याचा उपयोग होईल. यात रोजगार आहे, हे घरच्यांना सांगायला संकोच करू नये.

दिवसाची आखणी

मंगळवारी वेरूळ बंद असते, हे विसरून गट घेऊन आलेले शिक्षक आम्ही फाटकावर पाहिले आहेत. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, पण ओळखपत्र जवळ असावे. शहरातून सकाळी सातला निघावे, नऊपर्यंत दौलताबाद खंदकापर्यंत पाहून व्हावे, साडेदहाला वेरूळ. लेण्यांचे तोंड पश्चिमेला असल्याने सकाळी आत अंधार वाटतो, दुपारी ऊन आत शिरते आणि मूर्ती उजळतात. त्यामुळे आधी १ ते ९ पाहावीत, डबे खावेत आणि १०, ११, १२ जेवणानंतर करावीत. कैलास चारनंतर. एप्रिल-मे मध्ये दगड तापलेला असतो, अनवाणी चालवत नाही. पाणी आपले आपण न्यावे, भरपूर.

पावसाळ्यात गेलात तर क्रमांक २९ पर्यंत चालत जावे. वेळगंगेचा ओढा तिथे कड्यावरून खाली कोसळतो आणि धबधब्याच्या मागच्या भिंतीत लाव्हाचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. शेवाळावरून पाय घसरतो, कठड्यापलीकडे कुणाला जाऊ देऊ नये.

परतताना तासभर शिल्लक असेल तर विद्यापीठाच्या मागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी आहेत, बीबी का मकबऱ्याच्या पलीकडे. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि गर्दी जवळपास नसते. तिथल्या क्रमांक ७ च्या दारालगत अवलोकितेश्वर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत : कुणी आगीत, कुणी चोरांच्या तावडीत, कुणी बुडत्या नावेत, कुणापुढे पिसाळलेला हत्ती. ही त्या काळच्या व्यापारी वाटांवर प्रवासाला निघालेल्या माणसांची भीती आहे. सूर्य मावळण्याआधी ही लेणी बंद होतात, तेव्हा पाचच्या आत पोहोचावे.